चव्वेचाळीस हेक्टरची गादी

आपल्यातल्या काही मंडळींना हल्ली व्हॅटिकन पाहिजे झालं आहे. ख्रिश्चनांचं व्हॅटिकन आहे, मग आपलं कुठं आहे? नागपूर मोठं म्हणून ते राहू द्या, पण चंद्रपूरची दीक्षाभूमी तरी आपलं व्हॅटिकन झाली पाहिजे. असं म्हटलं की मांडवात टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्या पोरांना मी नंतर एकेकाला धरून विचारलं, व्हॅटिकन म्हणजे काय रे भाऊ? एक म्हणाला, मोठं चर्च. दुसरा म्हणाला, इटलीची राजधानी. तिसरा जरा शिकलेला, तो म्हणाला, जगातला सगळ्यात लहान देश. बरोबर. पण तो देश लहान कसा झाला? देवाच्या माणसाला देश कशाला लागतो? आत कोण राहतं, झाडू कोण मारतं, किल्ली कुणाच्या कमरेला? इथं तिन्ही पोरं गप्प.

ज्याचं नाव घेऊन मागणी करायची ते आधी उलटंपालटं करून पाहावं. गिरणीतला साधा माणूससुद्धा बांबू आत टाकण्याआधी ओला की सुका ते पाहतो. आपण मात्र अख्खा देश न पाहताच मांडवात मागून घेतो.

पाहायला लांब जायचीही गरज नाही. व्हॅटिकनचा एक हात आपल्या बल्लारपुरात आहे. १९६२ साली रोमनं आपल्या या जंगलपट्ट्यात 'चांदा' नावाचा धर्मप्रांत पाडला आणि केरळच्या सिरो-मलबार पंथाच्या धर्मगुरूंच्या हाती दिला. १९७७ ला त्याला पूर्ण दर्जा मिळाला. बिशपचं ठाणं बल्लारपूर. आपल्या चांद्याचं चंद्रपूर झालं, १९८२ ला जिल्हा तुटून गडचिरोली वेगळा निघाला, पण रोमच्या वहीत अजून चांदाच. म्हणजे आपण ज्या गावात पाळी करतो, चहा पितो, भांडतो, ते गाव चव्वेचाळीस हेक्टरच्या एका राज्याच्या कागदावर साठ वर्षांहून जास्त काळ नोंदलेलं आहे. आपल्या किती जणांना हे ठाऊक होतं?

या भागात काम करणारी एक केरळची सिस्टर २०२५ च्या जुबिली वर्षात रोमला जाऊन आली. मी तिला दोन रविवार बसवून सगळं विचारून घेतलं. बाईनं न कंटाळता सांगितलं. तिची श्रद्धा तिच्यापाशी, माझे प्रश्न माझ्यापाशी. असं बोलता येतं, हेही आपल्या पोरांना सांगून ठेवतो.

ती म्हणाली, नदीकडून एक रुंद सरळ रस्ता जातो, टोकाला सेंट पीटरचा घुमट दिसतो. हा रस्ता देवानं नाही काढला. मुसोलिनीनं १९३६ साली तिथली जुनी वस्ती पाडायला घेतली, माणसं उचलून शहराच्या कडेला नेऊन टाकली आणि घुमट लांबून दिसेल अशी वाट केली. देऊळ दिसावं म्हणून वस्ती उठवायची, ही रीत आपल्याकडचीच आहे असं मी समजत होतो.

रस्ता संपला की चौक. दोन्ही बाजूंनी २८४ दगडी खांब, दोन हात पसरल्यासारखे. चौकाच्या तोंडाशी जमिनीवर एक पांढरी पट्टी आहे. पट्टीच्या अलीकडे इटली, पलीकडे पोपचं राज्य. पासपोर्ट कुणी विचारत नाही. पिशव्या तपासतात, त्याही इटलीचे पोलीस. चर्चमध्ये जायला पैसे नाहीत, फक्त खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत. म्युझियम बघायचं तर वीस युरो, म्हणजे आपल्या दोन हजारांच्या आसपास. महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट. वर्षाला साठ लाखांवर माणसं ते म्युझियम पाहून जातात. या तिकिटांवर राज्याचा बराच खर्च निघतो.

सिस्टरला सगळ्यात आवडला तो पवित्र दरवाजा. हा साधारण पंचवीस वर्षांनी एकदा, जुबिलीच्या वर्षी उघडतात; एरवी आतून विटांनी बुजवलेला असतो. त्यातून आत गेलं की पापं धुतली जातात अशी समजूत. ती तासनतास रांगेत उभी राहून आत गेली आणि रडली. मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढं काळारामाचा दरवाजा होता. २ मार्च १९३० पासून आपली माणसं त्या दरवाज्यापुढं बसली, डोकी फोडून घेतली, वर्षं गेली, दरवाजा उघडला नाही. मग बाबासाहेबांनी दरवाज्याचाच नाद सोडला. १९३५ ला येवल्यात सांगून टाकलं. तिथून पुढचं आपलं सगळं राजकारण दरवाजा सोडून दिलेल्या माणसांचं राजकारण आहे. आणि आपली आजची मंडळी म्हणतात, आपल्यालाही एक दरवाजा बांधून द्या!

मी सिस्टरला गिरणीवाल्याचे प्रश्न विचारले. आत राहतं कोण? पोप, कार्डिनल, पाद्री, काही नन, आणि स्विस गार्ड. गार्ड म्हणजे १५०६ सालापासून चालत आलेली पलटण: स्वित्झर्लंडचाच पाहिजे, कॅथलिकच पाहिजे, भरतीच्या वेळी बिनलग्नाचाच पाहिजे. नागरिक सगळे मिळून हजाराच्या आत. आणि त्या नागरिकत्वाची गंमत ऐका. तिथं जन्मानं कुणी नागरिक होत नाही. नोकरी आहे तोवर नागरिक; नोकरी संपली की पट्टीच्या बाहेर. मग कामं कोण करतं? चार हजारांच्या वर माणसं. बहुतेक इटलीत राहतात, सकाळी सेंट ॲनच्या दरवाज्यातून ओळखपत्र दाखवून आत येतात आणि पाळी संपली की घरी जातात. म्हणजे गेट आहे, गेटवर वर्दीवाला आहे, आत मालक आहे, बाहेर चाळी आहेत. हे राज्य मला एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

मे २०२४ मध्ये म्युझियमच्या ४९ नोकरांनी एकत्र येऊन तक्रार दाखल केली. ओव्हरटाईमचे पैसे, आजारपणाची रजा, गर्दीत जिवाची सुरक्षितता, हे त्यांचे मुद्दे. आपल्याकडच्या कुठल्याही कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये हीच यादी ऐकायला मिळेल. आणि याच गादीवरच्या तेराव्या लिओ पोपनं १८९१ साली कामगारांच्या हक्कांवर जगभर गाजलेलं पत्रक काढलं होतं. ८ मे २०२५ ला निवडून आलेल्या पोपनं त्याच आठवणीनं लिओ हे नाव घेतलं, चौदावा लिओ. पत्रक जगासाठी, ओव्हरटाईम घरच्यासाठी. त्या ४९ जणांना युनियन म्हणावी अशी युनियनसुद्धा नाही, कर्मचाऱ्यांची एक संघटना तेवढी आहे. राज्य पोपचं. कायदा, न्याय, कारभार, सगळ्याचा शेवटचा शब्द एकाच माणसाचा. त्या माणसाला निवडतात ऐंशीच्या आतले कार्डिनल, त्यांत एकही बाई नाही. २०२५ च्या मार्चपासून कारभाराच्या प्रमुखपदावर रफाएला पेत्रिनी ही नन आली, पहिलीच बाई. पण पोप निवडायच्या खोलीत तिला जागा नाही.

आता हे राज्य झालं कसं, ते नीट ऐका. मांडवातल्या भाषणात हेच कुणी सांगत नाही.

एके काळी इटलीच्या मधला मोठा मुलूख पोपचा होता. हजार वर्षांच्या वर. सैन्य, सारा, तुरुंग, फाशी, सगळं. २० सप्टेंबर १८७० ला इटलीच्या फौजेनं रोमची भिंत फोडली आणि पोपचं राज्य संपलं. पुढच्याच वर्षी सरकारनं कायदा करून पोपला मान, वाडे आणि दरसाल ठराविक रक्कम देऊ केली. पोप नववा पायस म्हणाला, नको. मला तुमचं अनुदान नको, मला माझं राज्य पाहिजे. आणि एकामागून एक पोप त्या वाड्यात स्वतःला कैदी म्हणवून बसून राहिले. एकोणसाठ वर्षं! ११ फेब्रुवारी १९२९ ला करार झाला, लॅटरन करार. ४४ हेक्टर जमीन, त्यावर पूर्ण सार्वभौम सत्ता, वर ७५ कोटी लिरा रोख आणि १०० कोटी लिराचे सरकारी रोखे. स्वतःचं टपाल, स्वतःचं नाणं, तीनशे मीटरचं आगगाडीचं रूळ, १९३१ पासून स्वतःचा रेडिओ.

इथं एक बारकी गोष्ट आहे, ती पक्की ध्यानात ठेवा. ४४ हेक्टरचं राज्य वेगळं आणि गादी वेगळी. गादीला ते पवित्र पीठ म्हणतात. देशोदेशी राजदूत धाडते ती गादी. युनोत १९६४ पासून निरीक्षक म्हणून बसते ती गादी. दिल्लीत १९४८ पासून जिचा वकील आहे ती गादी. राज्य हे फक्त गादीखालचं जोतं. कुणाच्या जमिनीवर बसलो तर तो आपल्याला उठवू शकतो, एवढं त्यांना १८७० ला कळलं, आणि एकोणसाठ वर्षं ते विसरले नाहीत.

आता आपल्या चंद्रपूरकडं वळा. गोंडराजांचा परकोट सुमारे ११ किलोमीटर. जटपुरा दरवाज्यातून आपण रोज सायकली काढतो. व्हॅटिकनची भिंत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. भिंतीनं राज्य होत असतं तर चंद्रपूरची तीन व्हॅटिकनं झाली असती. पण १७५१ ला नागपूरकर भोसल्यांनी गोंडांचं राज्य गिळलं, १८५४ ला इंग्रजानं भोसल्यांचं गिळलं, आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबूराव शेडमाकेला चंद्रपुरात फाशी दिली. पोपचं राज्य गेलं तर एकोणसाठ वर्षांनी करार, जमीन आणि नुकसानभरपाई. गोंडाचं गेलं त्याला पावणेतीनशे वर्षं होतील. त्याच्या वाट्याला कुठला लॅटरन करार आला? पोपच्या बाजूनं जगभरचे कोट्यवधी भाविक होते, राजेराण्या होत्या, पेढ्या होत्या. गोंडाच्या बाजूनं झाडं होती. ती राखीव झाली.

आणि करार झाला तो कुणाशी? मुसोलिनीशी. ज्यानं १९२६ ला संप करणंच गुन्हा ठरवलं त्याच्याशी. इटलीत तेव्हा लुइजी स्तुर्झो नावाच्या एका पाद्र्यानं काढलेला पक्ष होता, शेतकऱ्यांत मुळं असलेला, कॅथलिकच. स्तुर्झो मुसोलिनीच्या आड येत होता. गादीनं त्याच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. १९२४ ला तो देश सोडून गेला. पाच वर्षांनी करारावर सह्या झाल्या. १९३३ च्या जुलैत याच गादीनं हिटलरच्या सरकारशीही करार केला. मी असं म्हणत नाही की आतली सगळी माणसं वाईट होती. मी म्हणतो, ज्याला गादी सांभाळायची असते त्याला सिंहासनावर जो असेल त्याच्याशी बोलणी करावीच लागतात. गादीला पोट असतं, छप्पर असतं, भिंत असते. भिंतीला नेहमी डागडुजी लागते आणि डागडुजीचा निधी सरकारकडं असतो.

लांबचं सोडा. स्टॅन स्वामी. जेझुईट पाद्री. झारखंडात आदिवासींच्या जमिनीसाठी, तुरुंगात डांबलेल्या पोरांसाठी लढणारा म्हातारा. भीमा-कोरेगावच्या खटल्यात ऑक्टोबर २०२० ला उचलला. हात थरथरत, पेला धरता येत नव्हता. ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच मुंबईच्या दवाखान्यात मेला, ८४ वर्षांचा. जामीन मिळालाच नाही. ३० ऑक्टोबर २०२१ ला आपले पंतप्रधान व्हॅटिकनात पोपना भेटले. गळाभेटीचा फोटो सगळ्या पेपरांत आला. चार महिनेसुद्धा झाले नव्हते. जगभर राजदूत ठेवणाऱ्या गादीचा माणूस, आणि त्याच्यासाठी राजदूताचा उपयोग किती झाला ते तारखा शेजारीशेजारी ठेवून तुम्हीच बघा. गादी स्वतःला वाचवायला शिकलेली असते. स्टॅन स्वामी गादीचा नव्हता, तो वस्तीचा होता.

जातीचं काय, हे तुम्ही विचारणारच. विचारा. मदुरैत रॉबर्ट दी नोबिली नावाचा जेझुईट सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राह्मण संन्याशासारखा राहू लागला. शेंडी, जानवं, गंध ठेवून ख्रिस्ती होता येईल की नाही, असा वाद रोमपर्यंत गेला. १६२३ ला पंधराव्या ग्रेगरी पोपनं निकाल दिला: होता येईल. म्हणजे जानव्याला रोमचं प्रमाणपत्र! पुढं १७४४ ला चौदाव्या बेनेडिक्ट पोपनं बऱ्याच रूढी बंद केल्या, पण अस्पृश्य परयांसाठी वेगळे पाद्री नेमायची सोय मान्य केली. वेगळा पाद्री म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. वेगळी विहीर, वेगळा पेला, वेगळा पाद्री. पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ उजाडलं. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला. २०२५ ला पोप निवडायला तेही बसले. हे चांगलंच झालं. चारशे वर्षं उशिरा झालं.

पण दोस्तहो, याचा अर्थ आपल्या शेजारच्या ख्रिस्ती झालेल्या माणसाला हिणवा असा होत नाही. त्याला सरकारनं आधीच हिणवलेलं आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा हक्क फक्त हिंदूला. १९५६ ला शिखाला मिळाला, बौद्धाला १९९० ला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. नव्वदपर्यंत दिल्लीच्या लेखी आपणही त्याच ओळीत उभे होतो. त्या ओळीतून आपण पुढं सरकलो म्हणून मागच्याला लाथ मारणारा मला आंबेडकरवादी वाटत नाही. आणि जंगलातल्या आडगावांत जिथं डॉक्टर जायला मागत नाही तिथं सिस्टर जातात, महारोग्याच्या जखमा धुतात, हेही बघा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना बाबासाहेबांनी हाच प्रश्न टाकला होता की भिक्खू स्वतःपुरता पूर्णत्वाला गेलेला माणूस असावा की समाजाचा सेवक? त्यांचं मत सेवकाच्या बाजूनं होतं. आपल्या विहारांत सेवक किती, मोजा. कोनशिला मोजू नका, त्या पुष्कळ आहेत.

आता मुद्द्यावर येतो. बाबासाहेबांना व्हॅटिकन करता आलं नसतं का? येवल्यानंतर एकवीस वर्षं सगळ्या धर्मांची माणसं त्यांच्या दाराशी येऊन गेली. त्यांना संस्था कशी बांधतात ते कळत नव्हतं? पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढणाऱ्या माणसाला? कळत होतं म्हणूनच त्यांनी जे केलं ते डोळसपणे केलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि लगेच लाखो लोकांना दीक्षा दिली ती स्वतः. भिक्खू नसलेल्या माणसानं, कोटातल्या बॅरिस्टरनं! दोन दिवसांनी, १६ तारखेला चंद्रपुरात तेच. दुसरे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांची तयारी, जंगलातल्या गावागावांतून बैलबंड्या, पायी माणसं, आणि उघडं मैदान. दरवाजा नाही. पट्टी नाही. वर्दीवाला नाही. गुडघे झाकलेत का, कुणी विचारलं नाही. झाकायला पुरेसं लुगडं नसलेल्या बायाच तिथं जास्त होत्या. आणि बावीस प्रतिज्ञा प्रत्येकाच्या तोंडून. पोपनं म्हणायच्या आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, असं नाही. बुद्धानंही आपल्या मागं कुणाला गादीवर बसवलं नाही. धम्म हाच शास्ता, असं सांगून गेला. ज्या धम्माला पोप नाही त्याचं व्हॅटिकन कसं होईल? झालंच तर पोपही होईल. आणि तो कोण होईल हे मला आत्ताच दिसतं आहे, कारण भाषणं करणाऱ्यांच्या डोळ्यांत तो दिसतो.

मैदान उघडं असलं की काय होतं त्याचा पुरावा नागपूरनं दिला. १ जुलै २०२४. दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगचं काम चाललं होतं. हजारो लोक जमले आणि काम बंद पाडलं. सरकारला त्याच दिवशी स्थगिती द्यावी लागली. कुठल्या कार्डिनलांनी ठराव केला नव्हता. आमच्या आयाबाया गेल्या होत्या, थैलीत भाकर बांधून. व्हॅटिकनात कुणाची आई जाऊन असं बांधकाम थांबवून दाखवील? ती तिथं नागरिकच नाही.

मग त्या राज्याकडून काहीच शिकू नये का? शिकावं. एक तर ते अनुदान नाकारून बसणं. आपण मात्र कमिटीतली एक खुर्ची दिली की लढा आटोपता घेतो. आणि दुसरं शिकावं ते कागद राखणं. त्यांच्या दफ्तरखान्यात ८५ किलोमीटरची फळ्यांची रांग आहे. २०१९ पर्यंत त्याला गुप्त दफ्तर म्हणत, मग नाव बदललं. शेकडो वर्षांपूर्वी कुणी कुणाला काय दिलं, काय घेतलं, सगळं तिथं आहे. त्या कागदावर ४४ हेक्टर उभे आहेत, दगडांवर नाही.

आणि आपण? बांबू आपल्या जंगलाचा. तो कापणारा हात आपला, नाहीतर आपल्या माडिया-गोंड भावाचा. त्याचा लगदा करणारा हात आपला, रीम बांधणारा हात आपला. देशभरच्या कचेऱ्या आपण कागदानं भरल्या, आणि आपल्याच घरात कागद नाही.

२००६ चा वनहक्क कायदा आठवा. जंगलात पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्याला हक्क. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवला की पुरे. पण आपली माणसं, बौद्ध, ढिवर, कुंभार, त्यांना कायदा 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणतो, आणि त्यांनी त्या तारखेआधीचं तीन पिढ्यांचं वास्तव्य दाखवायचं. तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं. १९३० सालचा पुरावा! काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला त्या वर्षाचा कागद आण, असं गावच्या महारवाड्यातल्या म्हाताऱ्याला सांगायचं. मूलकडच्या एका गावात एक आजोबा मला म्हणाले, "आमच्या बापानं जंगल तोडून शेत काढलं बाप्पा, तवा वाघ येत होता, तलाठी नाई. वाघापासून सही घेऊन ठेवाची होती का?" त्यांचा दावा परत आला होता. पुरावा अपुरा.

पण कायदा नीट वाचला तर त्याच कायद्याच्या २००८ च्या नियमांत वाट आहे. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसांचा जबाब लिहून घेतला तर तो पुरावा धरला जातो. जुनी विहीर, मसणवटा, देवस्थान, पडक्या घराचं जोतं, हेही पुराव्यात धरतात. दोन पुरावे लागतात. म्हणजे म्हातारे जिवंत आहेत तोवरच हा दफ्तरखाना उघडा आहे. दर उन्हाळ्यात त्यातली चार-दोन कपाटं जळतात, म्हणजे चार-दोन म्हातारे जातात. घुमटाच्या वर्गणीसाठी गावोगाव फिरणारी आपली पोरं एक वही आणि शाईची डबी घेऊन का फिरत नाहीत? अंगठा घ्यायचा, खाली साक्षीदार, वर तारीख, ग्रामसभेपुढं वाचायचं, वनहक्क समितीच्या फायलीत लावायचं आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवायची. व्हॅटिकनचा अभ्यास केला म्हणणाऱ्यानं हे केलं पाहिजे.

धानोऱ्याजवळचं मेंढा (लेखा) बघून या. तिकीट नाही, रविवारची वाट पाहावी लागत नाही. पाचशेच्या आसपास वस्तीचं गोंडांचं गाव. २००९ ला त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांत. तरी बांबू न्यायचा तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागे. दोन वर्षं भांडले. एप्रिल २०११ ला परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं. एक जरी अडला तरी थांबायचं, पुन्हा बसायचं. त्या जंगलात व्हॅटिकनसारखी चाळीस राज्यं मावतील. तिथं जाऊन विचारा गादी कुठं आहे. ते तुम्हाला गोटुलाकडं नेतील, खाली बसायला सांगतील. ते बौद्ध नाहीत, आपण गोंड नाही, हे खरं. पण ७५ वर्षांच्या अटीत अडकलेली आपली माणसं आणि परवान्यासाठी भांडलेली त्यांची माणसं एकाच जंगलात सरपण तोडतात.

घुमटवाले भाऊ म्हणतील, दोन्ही करू. घुमटही बांधू, दावेही भरू. मला अडचण नाही. फक्त आधी दावे भरू. या ऑक्टोबरच्या १५-१६ ला चंद्रपूरच्या मैदानात पुस्तकांच्या रांगेत एक चटई टाकू, दाव्याचे कोरे फॉर्म ठेवू, लिहिता येणारी चार पोरं बसवू. नागभीड, सिंदेवाही, मूल, चामोर्शी, आरमोरीकडची माणसं त्या दिवशी आपल्या पायानं येतात. प्रत्येकाला गावाचं नाव आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं नाव विचारायचं. नोव्हेंबरात त्या गावी जायचं. ज्यांना यायचं त्यांनी संपादकाकडं नाव द्यावं. एसटीचं भाडं ज्याचं त्यानं.

ज्याला माझं पटत नसेल त्यानं पुढच्या अंकात लिहावं. दोन स्टेन्सिलं मी मोकळी ठेवायला सांगितली आहेत. पण लिहिताना एवढं जरूर लिहा: तुमच्या व्हॅटिकनच्या गेटची किल्ली कुणाकडं राहणार, हिशेबाची वही कोण तपासणार, आणि रात्रपाळी करून सकाळी सातला आलेल्या माणसाला गेट उघडणार की साहेब उठेपर्यंत थांबायला सांगणार?